तारेच्या दोन्ही टोकांचे शहाणे

अमोनियाच्या पाइपावर बर्फ धरतो ना, तसे आमच्या कारखान्यात किस्से धरतात. सकाळी खरवडून काढा, दुपारी पुन्हा बोटभर जाड! मी ते कधी गोळा करायला गेलो नाही. मी तुर्भ्याच्या बर्फाच्या कारखान्यात गेटवर बसतो, लाद्या मोजून मच्छीच्या गाड्या सोडतो, आणि येणारा-जाणारा मला आपला मूर्खपणा फुकटात दाखवून जातो. पूर्वी हसून हसून पोट दुखायचं. हल्ली हसताना दात आवळले जातात. कारण हे सगळे किस्से एकाच तारेचे आहेत, आणि त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला आमचा नझीरभाई बसतो.

नझीरभाई म्हणजे आमचा कॉम्प्रेसर ऑपरेटर. मूळचा रायगडच्या खाडीकाठचा, आता कोपरखैरण्याला. मी त्याच्या डब्यातली तळलेली मांदेली चोरतो, तो माझ्या रबरी चपला बर्फाच्या साच्यात टाकतो. एकदा तर चप्पल लादीत गोठून थेट मार्केटला पोचली, आणि मच्छीवाल्याने फोन करून विचारलं, "हा कुठला मासा?" असा आमचा स्नेह.

आता मुद्द्याचं. कॉम्प्रेसरची खोली कंपाउंडच्या पार मागे. गेट पार पुढे. मध्ये एवढं मोठं आवार आणि त्या यंत्राचा घरघराट. मागे गॅस सुटला आणि तिथला भोंगा कोकलला, तरी गेटवर ढिम्म ऐकू येत नाही. आणि गॅसचे मास्क कुठे? गेटवरच्या कपाटात, कुलपात! का? "मागे ठेवले तर चोरीला जातील," इति आमचे मालक अण्णा शेठ. म्हणजे माणूस आत, मास्क बाहेर. माझ्या कानावर भोंगा पडला तर मी मास्क घेऊन धावणार. नाही पडला तर नझीरभाई आणि त्याचा अल्ला.

म्हणून ती तार.

*

तार जोडायला खारघरहून मुग्धा मॅडम आल्या. इंजिनियर. स्कूटरवर, डोक्यात हेल्मेट, पाठीवर पोतडी. म्हणाल्या, "काँप्युटरची साधी केबल एवढ्या लांब चालत नाही. पण तुमची जुनी टेलिफोनची तार गेटपासून मागेपर्यंत पडून आहे. तिच्या दोन टोकांना दोन पेट्या लावू. मागचा भोंगा आणि कॅमेरा, दोन्ही गेटवर येतील."

मी म्हटलं, "म्हणजे पोरं काडेपेट्यांना दोरा लावून फोन फोन खेळतात, तसं?"

"तसंच, काका. फक्त दोऱ्याला कोणी हात लावायचा नाही."

"मॅडम, इथे हात लावू नका म्हटलं की लोक पाय लावतात!"

त्या हसल्या. तेव्हा त्यांना वाटलं होतं मी विनोद करतोय.

*

आमचे मालक दोन भाऊ. थोरले अण्णा पुढच्या, गेटला लागूनच्या ऑफिसात, धाकटे बापू मागच्या प्लांटवर. दोघांत विस्तव जात नाही, म्हणून तर बर्फाचा धंदा!

त्या पेट्यांच्या पोटाखाली एक बारीक खटका असतो. एका बाजूला केला की पेटी बोलायला सुरुवात करते, दुसऱ्या बाजूला केला की ती ऐकते आणि जबाब देते. एका टोकाला बोलणारी पाहिजे, दुसऱ्या टोकाला ऐकणारी. दोन्ही सारख्या ठेवल्या तर दिवा नुसता लुकलुकतो, जोडणी होत नाही. मॅडमनी हे दोघा भावांना नीट समजावलं. तिथेच घात झाला!

बापूंनी विचारलं, "माझ्याकडची कुठली?"

"ऐकणारी."

"मी जन्मभर त्याचंच ऐकत आलोय, आता माझी पेटीपण ऐकणार? जमणार नाही!" टक्. खटका फिरवला.

मॅडम आवार तुडवत पुढे आल्या. म्हणाल्या, अण्णा, तुमची ऐकणारी करू या, काही फरक पडत नाही.

"फरक पडत नाही? थोरला मी आहे!"

झालं. दोन्ही टोकं बोलतायत, ऐकतंय कोणी नाही. दिवे लुकलुकतायत. मॅडम उन्हात इकडून तिकडे. आणि नझीरभाई गॅसच्या खोलीत बसून विचारतोय, "काय झालं का सुरू?"

माझं डोकं फिरलं. ऑफिसातून जाड स्टिकर आणले, दोन्हींवर लाल पेनाने 'मेन' लिहिलं. बापूंच्या पेटीचा खटका गुपचूप ऐकण्याच्या बाजूला केला आणि त्यावर स्टिकर चिकटवला. पुढच्या पेटीवरही तस्साच स्टिकर. मग अण्णांच्या कानात जाऊन सांगितलं, "धाकटे शेठ नमले." बापूंच्या कानात सांगितलं, "थोरले शेठ नमले."

दिवा हिरवागार, स्थिर! दोघांनी आपापल्या टोकाला पेढे वाटले.

*

मग आमचे सुपरवायझर घरत. इथल्याच गावचा माणूस, मनाने सोन्याचा, डोक्याने लादी. मागे बसून चहा मागवायला कँटीनपर्यंत चालत जायचं त्याच्या जिवावर यायचं. त्याने दोन जुने टेलिफोन शोधले, एक आपल्याजवळ, एक कँटीनच्या भिंतीवर, आणि जोडले कशाला? आपल्याच तारेला! मध्येच सोलून!

दिवसभर पेटी रुसलेली. जोडणी होतेय, तुटतेय. मॅडमना फोन. बिचाऱ्या पुन्हा खारघरहून आल्या, तार हातभर हातभर तपासत गेल्या आणि कँटीनच्या भिंतीपाशी थांबल्या. तिथे टेलिफोन.

"हे कोणी जोडलं?"

"मीच जोरलंय," घरत छाती काढून म्हणाला. "तार फुकट परून होती, मॅडम. च्या मांगवाला बरा परतो."

"अहो, ती फुकट नाही! तुम्ही फोन उचलला की भोंग्याची लाइन तुटते!"

घरत विचारात पडला. मग म्हणाला, "मंग भोंगा वाजंल तवा च्या नाय मांगवनार."

मॅडम गेल्यावर मी त्याच्या चहात साखरेऐवजी बर्फाच्या टाकीतलं मीठ घातलं. महिनाभर तो कँटीनवालीला शिव्या देत होता.

*

अण्णांना वेगळीच हौस. मागच्या कॅमेऱ्यात बापू दिसायचे, पण चित्र जरा अंधुक. बापू काम करतायत की डोळे मिटून बसलेत, ते कळेना! झालं, अण्णांना स्पीड पाहिजे. मॅडमनी फोनवर समजावलं: तार जुनी आहे, लांब आहे, हळू चालवली तरच टिकेल. कॅमेऱ्यापेक्षा भोंगा महत्त्वाचा.

अण्णांनी फोन ठेवला आणि आपल्या पेटीच्या दुसऱ्या बाजूला असलेले स्पीडचे सगळे बारीक खटके एकदम वर केले. चित्र गेलं. भोंगाही गेला. हे त्यांनी कोणाला सांगितलंसुद्धा नाही! मला कळलं ते माझ्या टोकाचा दिवा विझलेला दिसला म्हणून.

मॅडम आल्या, खटके खाली केले. रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं. "अण्णा, या वयात तुम्ही जिना धावत चढता का?"

"मी लिफ्टने जातो."

"तारेला लिफ्ट नाही!"

मी टाळी वाजवली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "डास होता."

*

विजेचा किस्सा लहान आहे, पण आठवला की अजून अंगावर काटा येतो. मॅडमनी तार बाहेरून जाते म्हणून दोन्ही टोकांना विजेपासून वाचवणारी डबी बसवली होती आणि तिची हिरवी तार जमिनीत पुरली होती. निक्षून सांगितलं, "ही काढायची नाही. आणि आभाळ गडगडत असताना तारेला कोणी हात लावायचा नाही. गेली जोडणी तर जाऊ दे."

दिवाळीच्या आधीचा परतीचा पाऊस. ढग गुरगुरायला लागले, दिवा लुकलुकायला लागला. आणि घरत पक्कड घेऊन निघाला! मी ओरडलो, नझीरभाई ओरडला. घरतसाहेब पोचले, जोड चिमटीत धरला आणि 'आय बाय!' करून मागच्या मागे बसले. बोटं पांढरी, डोळे पांढरे.

बघितलं तर हिरवी तार जागेवर नव्हतीच. ती घरतनेच काढून टॉवेल वाळत घालायला बांधली होती.

नझीरभाईने त्याला पाणी पाजलं. "घरत, वरच्याने वाचवला तुला."

घरतने पाय पुढे केला. "वरच्यानी नाय. खालच्यानी. रबरी हाय." आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुजीच हाय. मार्केटवाल्यानी परत धारली व्हती."

*

इथपर्यंत हसलात ना? हसा. आता यापुढचं ऐका.

खंडेनवमी. हत्यारं, यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना राबवायचं नाही, ही आपली रीत. चांगली रीत आहे, मीही माझ्या लाद्या ओढायच्या आकड्याला झेंडू घालतो. पण बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर कसा बंद ठेवणार? बर्फ वितळेल, गिऱ्हाईक जाईल! मग अण्णांनी तोड काढली. रीत तर मोडायची नाही. कुठल्या तरी यंत्राला विश्रांती पाहिजे. कुठल्या? जे कमवत नाही त्याला!

दोन्ही पेट्यांचे प्लग काढले. हळद, कुंकू, झेंडूचा हार. वरून पळीने पाणी!

मी म्हटलं, "अण्णा, यंत्र चालू आणि राखणदार झोपवला?"

"वर्षातला एक दिवस. काय होतंय?"

काय होतंय? दुपारी मागच्या व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलं आणि गॅस सुटला. भोंगा मागे कोकलत होता, आणि मी गेटवर बसून प्रसादाचा शिरा खात होतो. शिरा! कँटीनवाली किंचाळत आली तेव्हा मला कळलं. कुलूप उघडून मास्क घेऊन मी धावेपर्यंत नझीरभाई स्वतःच सरपटत दारापर्यंत आला होता. ओला फडका तोंडावर, डोळे लालभडक, श्वास शिट्टीसारखा.

वाशीच्या हॉस्पिटलात बोलता आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं? "म्हाताऱ्या, भोंगा ऐकू नाही आला? बहिरा झालास काय?"

मी म्हटलं, "पेटीला हार घातला होता."

तो हसला नाही. त्याची बायको, शाहीन भाभी, बाजूला उभी होती. तिने मला कपात चहा ओतून दिला. त्यापेक्षा तिने कानफटात दिली असती तर बरं झालं असतं.

आणि संध्याकाळी अण्णा आले, सफरचंदं घेऊन. नझीरभाईच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणाले, ऐका:

"बघ, पूजा केली होती, म्हणून वाचलास."

*

वर्ष गेलं. पुन्हा खंडेनवमी आली. नझीरभाई परत कामावर होता, जिना चढला की खोकायचा. मुग्धा मॅडमनी अण्णांना परोपरीने सांगितलं, पेटी बंद करू नका. अण्णांनी हात जोडले. "मॅडम, श्रद्धेचा विषय आहे. त्यात तुम्ही पडू नका."

मी काही बोललो नाही. अण्णांना तिथेच शंका यायला हवी होती.

मी फक्त एवढंच सुचवलं, की गेल्या साली विघ्न आलं, तेव्हा यंदा पूजा दोन्ही शेठनी जातीने, कॉम्प्रेसरच्या खोलीत बसून करावी. गुरुजींना पटलं. अण्णांना पटलं, म्हणून बापूंनाही पटवून घ्यावं लागलं, नाहीतर मान अण्णांना गेला असता! दोघं सोवळं नेसून पाटावर. समोर हार घातलेला कॉम्प्रेसर, घरघरतोय. कोपऱ्यात स्टुलावर नझीरभाई, गळ्यात गेटवरच्या कपाटातला मास्क.

"हे काय घालून बसलास पूजेला?" अण्णांनी विचारलं.

"शेठ, प्रत्येकाचा आपापला ताईत."

मी सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, पेटी आणि हा इथला भोंगा, दोन्ही बंद करू ना?"

"कर, कर. विश्रांती दे."

दोन्हींचे प्लग काढले. हार घातला. कुंकू लावलं. गुरुजींनी मंत्र सुरू केले. मी मागच्या पंख्याजवळ जाऊन उभा राहिलो. कल्हईवाल्याकडून आणलेला चिमूटभर नवसागर तळहातावर घेतला, तंबाखूच्या डबीतला चुना घेतला, आणि मळला. तुम्ही कधी मळून बघितलाय? वास डिट्टो गॅसचा!

पंख्याने आपलं काम केलं.

आधी गुरुजींचं नाक हललं. मग मंत्र थांबला. मग गुरुजीच दिसेनात! बापू पाटावरून उठले ते ताम्हनात पाय घालूनच. अण्णांचं सोवळं पाटाखाली अडकलं होतं, ते ओढतायत, सुटत नाही, तोंडावर उपरणं, डोळे बाहेर.

"गॅस! अरे, गॅस! भोंगा का वाजत नाहीये? भोंगा का वाजत नाहीये?"

नझीरभाई स्टुलावरून हलला नाही. त्याने मास्क तोंडावरून जरासा उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शेठ, हळू बोला. झोपलाय तो."