फुकटचा महिना

वडील गेले, तेव्हा त्यांच्या मोबाइलचा फुकटचा महिना संपत आला होता. सांगलीच्या दुकानदाराने तो वापरून बघायला दिला होता. मुदतीत परत केला नाही, तर पैसे सुरू; तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. काका परत द्यायला निघाले. आई म्हणाली, "आवं भावजी, सुतकात लोकांच्या दुकानात पाय ठेवायचा?" फोन राहिला. पिठावरच्या दिव्याशेजारी तो सारखा वाजे आणि मी अंगणात येरझाऱ्या घाली. कराडचे हळदीचे व्यापारी वडिलांनाच विचारत. काका चिडत, "वहिनी, बंद करा की त्यो! नुसतं ऐकायचं बी पैसं पडत्यात." आई प्रत्येकाला बातमी सांगे आणि तो वडिलांविषयी जे बोले, ते शेवटपर्यंत ऐके. तेराव्यानंतर फोन परत गेला. तो नंबर मला अजून पाठ आहे. आता कुणाचा आहे, माहीत नाही.