न तपासलेलं जहाज

तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात केमिकल कंपन्यांसाठी लोखंडी टाक्या बनतात. मी तिथे ड्रॉइंग ऑफिसात सव्वीस वर्षं आहे. त्यातली पहिली सोळा वर्षं ज्यांच्या हाताखाली गेली ते आमचे हेड ड्राफ्ट्समन. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका नसलेल्या देशाचं आरमार कागदावर काढायला घेतलं. त्यातलं एक जहाज तपासताना मी जे केलं ते आजवर एकाच माणसाला सांगितलंय.

तो देश म्हणजे समुद्राच्या मधोमध सात बेटं. त्याला नाव नव्हतं. मी एकदा नाव सुचवलं तर साहेब म्हणाले, "नाव दिलंस की त्याचा पंतप्रधान कोण ते विचारशील. आपल्याला जहाजं काढायचीत." बेटांवर धान्य पिकत नाही. ते दूरच्या किनाऱ्यावरून मालवाहू जहाजांच्या तांड्याने येतं, आणि वाटेत शत्रूच्या पाणबुड्या असतात. तांड्याबरोबर जाऊन त्याला सांभाळून आणणारं जे लढाऊ जहाज, ते साहेबांचं सगळ्यात लाडकं. ते त्याला सोबतीचं जहाज म्हणायचे.

मी आपला सिनेमे बघून शहाणा झालेला. म्हटलं, "साहेब, तोफा कमी वाटतात. स्पीड पण नाही."

"स्पीड कशाला? तांड्यातलं सगळ्यात म्हातारं जहाज ज्या वेगाने जाईल, त्या वेगाने याला तीन आठवडे जायचंय. पुढे पळून काय करणार, पाव आणणार?"

म्हणून त्यांचं जहाज आखूड आणि रुंद होतं. हळू चालताना कमी तेल पिणारं, पटकन वळणारं. दोन्ही अंगांना दोरीच्या जाळ्या, म्हणजे बुडालेल्या जहाजावरची माणसं पाण्यातून वर चढू शकतील. खलाशांच्या झोपायच्या जागा त्यांनी एकेक मोजून बसवल्या होत्या. स्वयंपाकघर मध्यावर, कारण तिथे हेलकावे कमी. युद्धनौकेचं ड्रॉइंग होतं, पण त्यात एका गृहस्थाने घर बांधताना करावा तसा विचार होता.

बेलापूरला दोन खोल्यांत ते एकटे राहायचे. काकू गेल्याला बरीच वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. मी घणसोलीत एकटा. बायको आणि मी वेगळे झालो त्यात चूक माझीच जास्त, पण तो विषय इथला नाही. शनिवारी कारखाना अर्धा दिवस असतो. सुटलो की मी बेलापूरला जायचो, दोघांचं जेवण एका डब्यातून व्हायचं आणि मग साहेब कागद उलगडायचे. आठवड्यात कुणी माझी वाट बघत असेल तर ती तिथेच.

ड्रॉइंग ऑफिसातली एक शिस्त त्यांनी घरीही ठेवली होती. कागदाच्या कोपऱ्यात चौकट: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. तपासणाऱ्याने ड्रॉइंगची एक प्रत घ्यायची. जे माप, जी रेघ पडताळून बरोबर निघाली तिच्यावर पिवळी पेन्सिल फिरवायची, चूक निघाली तिथे लाल. पूर्ण कागद पिवळा-लाल झाला की सही. मी ऑफिसात नवा असताना एका टाकीच्या ड्रॉइंगमध्ये आत उतरायचं भोक दाखवायला विसरलो होतो. साहेबांनी शांतपणे विचारलं होतं, "आत वेल्डिंग करायला गेलेला माणूस संध्याकाळी घरी कुठून जाणार?" त्यानंतर मी ते कधी विसरलो नाही.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी सोबतीच्या जहाजाची नवी मोठी शीट माझ्या हातात दिली. नेहमी ते शेजारी बसून तपासायला लावायचे. या वेळी म्हणाले, "घरी घेऊन जा. सावकाश बघ. माझी आहे म्हणून सोडू नकोस."

त्या आठवड्यात मला कुठलीही अडचण नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण स्वतःला मी पुष्कळ दिवस कामाच्या टेन्शनचं कारण देत होतो. शुक्रवारपर्यंत शीट गुंडाळलेलीच राहिली. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती पसरली, मोबाईलवर क्रिकेटची मॅच लावली, आणि मॅच बघता बघता सगळ्या शीटवर पिवळी पेन्सिल फिरवून टाकली. एकही माप ताडून पाहिलं नाही. सोळा वर्षं त्यांचं काम बघितलेलं, त्यांची चूक कुठून असणार? पिवळा रंग देताना रेघेबाहेर जाणार नाही एवढीच काळजी घेतली. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शीट हातात घेऊन बराच वेळ बघितली.

"एकही लाल नाही?"

"नाही साहेब. परफेक्ट."

"नक्की बघितलंस ना?"

"म्हणजे काय साहेब. अख्खा आठवडा तेच."

त्यांनी कागद गुंडाळला. म्हणाले, "मला वाटलं होतं, काहीतरी निघेल." त्यांना बरं वाटलंय असं मी समजलो. त्यानंतर आरमाराचं नवं ड्रॉइंग झालं नाही. विचारलं की म्हणायचे, डोळे दुखतात. मी पुढे विचारलं नाही, आणि काही शनिवारी गेलोही नाही.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी आमच्या गेटवरच्या वॉचमनचा फोन आला. तो जवळच्या गावचाच. "तुमचे जुने साहेब हितं आलेत. ड्युटीवर आलोय म्हनतात. माजा टेबल कुटं गेला, विचारतात. पायात चपला दोन येगल्या हायत. तुमी या लवकर."

त्यांना मी घरी नेलं. मुलीला नाशिकहून बोलावलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार वर्षभरापासून तरी असणार. सुरुवातीलाच दाखवलं असतं तर औषधांचा थोडा उपयोग झाला असता. फार नाही, थोडा. मुलगी नोकरी सोडून बेलापूरला राहायला आली. मला ती काका म्हणते. "काका, मी रोज फोन करत होते. रोज," असं ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "मला कसं कळलं नाही?"

साहेबांचे कागद आवरताना ती शीट तिनेच माझ्याकडे दिली. "तुमची सही आहे, तुम्ही ठेवा."

घरी आणून मी ती पहिल्यांदा तपासली. खलाशी ब्याण्णव लिहिलेले, झोपायच्या जागा साठ. जहाजाच्या बाजूच्या चित्रात धुराडं होतं, वरून दिसणाऱ्या चित्रात नव्हतंच. एकच बॉयलर दोन ठिकाणी काढला होता. आणि इंजिनाच्या खोलीला शिडीही नव्हती, दारही नव्हतं. खाली गेलेल्या खलाशाला वर यायला वाट ठेवली नव्हती, आणि ती ठेवायला विसरणारे ते साहेब होते. ज्याने आयुष्यात एकदा ड्रॉइंग वाचलंय त्याला दहा मिनिटांत कळलं असतं की हा माणूस ठीक नाही. त्यांना स्वतःला शंका आली होती. स्वतःवर भरवसा राहिला नाही म्हणून त्यांनी ती माझ्याकडे दिली होती. डॉक्टरकडे जाण्याआधी ते माझ्याकडे आले होते.

तीन आठवडे मी हे गिळून होतो. मुलगी स्वतःला बोल लावायची आणि मी समोर चहा पीत बसायचो. शेवटी एका रविवारी तिच्यापुढे शीट पसरली आणि सांगितलं. मॅचचंही सांगितलं.

तिने इंजिनाच्या खोलीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला नाही विचारलं त्यांनी. तुम्हाला विचारलं." बोट उचलून म्हणाली, "त्यांच्या आंघोळीची वेळ झाली. तुम्ही निघा आता."

सांगून मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. दीड महिना तिचा फोन आला नाही. मी केला तर "ठीक आहेत" एवढंच. शनिवारी दुपारी मी कारखान्यातून थेट घणसोलीला यायचो आणि डबा एकट्याने संपवायचो.

मग एकदा तिनेच फोन केला. सांभाळायला येणारी बाई सुट्टीवर आहे, तिला पासपोर्टच्या कामाला जायचंय, दोन तास बसाल का? आवाज कोरडा होता. मी गेलो.

साहेबांनी मला ओळखलं नाही. बहुतेक कुठल्या कंत्राटदाराचा माणूस समजले. बाहेर जायचंय म्हणून त्यांनी शर्ट घातला, बटणं लावली आणि माझ्यासमोर उभे राहिले. "बरोबर आहे?"

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. मी जवळ जाऊन वरपासून एकेक बटण बघितलं. "नाही साहेब. तिसऱ्यापासून चुकलंय."

ते चिडले. "तू कोण सांगणारा?"

मी नाव सांगितलं, ड्रॉइंग ऑफिस सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांनी सगळी बटणं काढून पुन्हा तशीच लावली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा बघितलं आणि चुकलंय म्हणालो. त्यांनी मला घराबाहेर जायला सांगितलं. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी परत हाक मारली, आणि परत तेच.

मुलगी आली तेव्हा शर्ट अजून वाकडाच होता. तिने विचारलं, "त्रास दिला का?"

"नाही," म्हटलं. "बटणं चार वेळा चुकलीत. बाकी ठीक."

तिने पर्स टेबलावर ठेवली, आणि येत्या रविवारी मला जमेल का ते विचारलं.