तिनं न खाल्लेलं वाक्य

नातीनं गॅदरिंगसाठी तोंडाला रंग लावला, आन् त्या वासानं मला एका जागी बसवेना. आमच्या जत्रंच्या नाटकात गडी सगळे गावचे, बाई तेवढी पुण्याहून यायची, एकाच तालमीला. वडगावला गाडीतनं उतरून ती भर उन्हात देवळापुढं आली. मी नायक. वाचता येत न्हवतं, म्हणून गुरुजींकडून ऐकून ऐकून पाठ केलतं. तालमीत तिचं बोलणं संपलं आन् मला माझं पुढचं आठवंना, मी खांबासारखा उभा. गडी हसले. "अंगठेबहाद्दराला नायक केलाय! बदला की ह्याला." तेवढ्यात तीच म्हणाली, "भाऊंना कशाला हसता? मीच मधलं वाक्य खाल्लं, मग ते बोलणार कसे? चूक माझी." गुरुजींनी वहीत बघितलं आन् गप्प बसले. मी ताठ्यात म्हणालो, "व्हय, तुमचीच." जत्रंत शिट्ट्या मला मिळाल्या. ती पुढं मोठ्या नाटकांत गेली, सिनेमात गेली, आता टीव्हीवर आजीचं काम करते. ती दिसली की मी ओट्यावर जातो, परत आत येतो. सून म्हणते, "आबा, बसा की जरा." कसा बसू? तिनं एक शब्दसुदिक खाल्ला न्हवता. गुरुजी गेले. हे ठाऊक असलेले आता आमी दोघंच, आन् ती तर इसरलीबी असंल.