मुक्ताचं अ‍ॅबॅकस आणि माझं 'सरे अण्डि'

कुठल्या तोंडाने सांगू, तेच कळत नाही! चहा घोटभर पिऊन घ्या आधी. नंतर ठसका लागला तर दोष माझ्यावर यायचा, आणि माझ्या नावावर सध्या पुरेसे आहेत.

लग्न होऊन नांदेडहून हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या सासरी आले तेव्हा माझी दोन गोष्टींसाठी ख्याती झाली. एक, नवी सून बोलत नाही. दोन, न बोलता सगळं टिपते. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी मीच पसरवली होती.

तेलुगू मला ओ की ठो कळत नव्हतं. "घाबरू नको," नवरा म्हणाला, "समोरचा काहीही बोलला की गोड आवाजात 'सरे अण्डि' म्हणायचं. म्हणजे 'बरं, ठीक आहे.' अर्धं हैदराबाद त्यावरच चालतं."

उरलेलं अर्धं मी त्यावर चालवायला घेतलं.

जाऊबाईंची मुक्ता पाचवीत. गणिताचा पेपर म्हटला की तिचं पोट दुखे. म्हणून ताईंनी (जाऊबाईंना मी ताई म्हणते) तिला अ‍ॅबॅकसच्या क्लासला घातलं. मण्यांची पाटी, फटाफट हिशेब, तेच ते. ताईंचं ऑफिस, तेव्हा तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. सासरी मिळालेलं पहिलं जबाबदारीचं काम!

"वैदेही, हिचं गणित यंदा सुधारलंच पाहिजे," ताई म्हणाल्या. "तुझ्यावर भरवसा आहे हं." क्लासच्या सरांना फोन नंबरही माझाच दिला.

नारायणगुड्यात मिठाईच्या दुकानावर ती इमारत. पहिल्या मजल्यावर एक दार, दुसऱ्यावर एक दार, दोन्हीकडे तेलुगू पाटी. जिन्यात चार बायका उभ्या होत्या, कुणालाही विचारता आलं असतं. पण विचारलं तर ती मी कसली? मी कान लावला. पहिल्या दारामागे चिडीचूप. वरून मात्र टक्! टक्! टकाटक!

मणी! दुसरं काय असणार?

"मुक्ता, वर ना गं?"

मुक्ताने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर. "तू म्हणशील तसं, काकू."

किती गुणी पोर, मला वाटलं.

मग रोज पडद्याबाहेरच्या बाकावर बसून माझं टिपणं सुरू झालं. पांढऱ्या केसांच्या दोन आज्या आत जायच्या. या वयात गणित! काय शहर आहे! मुक्ता बाहेर येई तेव्हा बोटं पांढरी. म्हणजे फळ्यावर उदाहरणंही सोडवून घेतात. शिकवणाऱ्या बाई, त्यांना सगळे आपा म्हणत, एकदा पडदा सारून म्हणाल्या, "दुल्हन, तुम्हारी बच्ची कोना क्या पकडती जी! गजब!"

भूमितीसुद्धा शिकवतात, मी मनात नोंद केली.

अधूनमधून सरांचा फोन येई. लांबलचक तेलुगू. मी म्हणे, "सरे अण्डि." पुढच्या वेळी आणखी लांब, जरा काळजीचा सूर. "सरे अण्डि!" तिसऱ्या वेळी शेवटी काहीतरी प्रश्न होता. प्रश्नाला मी जास्तच गोड आवाजात "सरे अण्डि" म्हटलं.

आपांबरोबर क्लासमध्ये एक सरही असतील, यात काय नवल?

सहामाहीचा निकाल लागला. गणितात अठ्ठ्याऐंशी! आमच्या घरात दिवाळीच. सासूबाई शेजारणीला ऐकवू लागल्या, "न बोलणारी माणसंच कामाची असतात हो." ताईंनी रजा काढली, पेढे घेतले. "चला, सरांचं तोंड गोड करून येऊ."

जिन्यात ताई पहिल्याच मजल्यावर थांबल्या. मी आपली वर निघाले.

"अगं ए, कुठं?"

"क्लासला."

"क्लास हा इथंय!"

मुक्ता एकाएकी वाकून बुटाची लेस बांधू लागली. तिच्या पायात चपला होत्या.

सर बाहेर आले. ताईंशी बराच वेळ बोलले. ताईंचं तेलुगू उत्तम आहे, दुर्दैवाने.

"सर म्हणतात, मुलगी एकदाही आलेली नाही," ताई माझ्याकडे वळल्या. "'पाठवत का नाही?' विचारलं, तर एक बाई म्हणाल्या, ठीक आहे. 'आजारी आहे का?' ठीक आहे. शेवटी विचारलं, 'नाव काढून टाकू का?'"

"मग?"

"ते सगळ्यात गोड आवाजात म्हणालीस म्हणे."

पेढे तसेच घेऊन आम्ही वर गेलो. ताईंनी पडदा सारला. आत कॅरमचे चार बोर्ड! आपा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या बाई. वस्तीतल्या मुलीबाळींसाठी, आज्यांसाठी त्यांनी आपला हॉल मोकळा ठेवला होता. आणि मुक्ताच्या बोटांवरचा खडू म्हणजे बोर्डावरची पावडर.

"खोटं बोललीस माझ्याशी?" ताई कडाडल्या.

"नाही! काकूनेच आणलं वर!"

खरंच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आज्यासुद्धा.

मग मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, काहीही बंद कर, कॅरम नको ना."

"सुनो अम्मा," आपा म्हणाल्या, "यहाँ जो खेलती, वोइच सबके पॉइंटों का हिसाब मुंहजबानी रखती. ये पहले रोती थी. अब मेरी गलतियां निकालती!"

ताईंनी तिथल्या तिथे दोन-चार आकडे फेकले. बेरीज, गुणाकार, उलटसुलट. त्यांची बोटं अजून मोजतच होती, मुक्ताचं उत्तर आलंसुद्धा. ताईंनी पेढ्याचा पहिला मान आपांना दिला.

"कॅरम राहू दे," ताई म्हणाल्या. "क्लासची गरज या घरात वेगळ्याच माणसाला आहे."

तेव्हापासून संध्याकाळी मी तेलुगूच्या क्लासला जाते. मुक्ता मला दारापर्यंत सोडते. "काकू, पाटी मी वाचते. तू नुसती मागे ये."

परवा पहिली चाचणी झाली. मी सपशेल नापास. घरी कुणी रागावलं नाही. ताईंनी पेपर पाहिला, त्याची घडी घातली आणि शांतपणे म्हणाल्या,

"उद्यापासून हिलाही कॅरमला घाला."

मी काय म्हणणार?

"सरे अण्डि."