सोयर फिटल्यावर

“त्याला खाली ठेव. मग आम्ही घेतो.”

मोठ्या बाई असं म्हणाल्या आणि मी बाळाला फरशीवर ठेवलं.

बारसं होतं. गंगापूर रोडला तेव्हा नुकते बंगले उठत होते, त्यातल्या एकात. पाळण्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या होत्या. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून, खालून, या हातातून त्या हातात चाललं होतं. मी आतल्या दाराशी उभी. बाळंतपणाची साडी घ्यायला मला बोलावलं होतं, बारशाला नव्हे. बाळ रडून रडून काळंनिळं झालं. एका बाईच्या हातातून ते निसटायला लागलं आणि माझे हात आपोआप पुढं गेले. इतके दिवस रोज सकाळी मीच त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते, टाळूवर तेल भरत होते. सवयीनं घेतलं, हातावर पालथं टाकलं. ते गप्प झालं. बायका मागं सरकल्या.

माझ्या हातातून बाळ घ्यायला कुणी पुढं येईना. घेतलं तर मला शिवावं लागलं असतं. म्हणून फरशी. नव्या झबल्यातलं पोर गार शहाबादी फरशीवर पाय झाडत होतं. कुणीतरी वाटीत गोमूत्र आणलं, त्याच्यावर शिंपडलं, मग मोठ्या बाईंनी त्याला उचललं. मला म्हणाल्या, “सोयर फिटलंय आता. तुला कळायला नको?”

कळत होतं. सोयर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. तो असेपर्यंत बाळंतिणीला आणि बाळाला घरातलं कुणी शिवत नाही. पण कुणीतरी शिवायला तर लागतंच. ते काम आमचं. माझ्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं. कळा सुरू झाल्या की जायचं. कंबर चोळायची, हात धरून बसायचं. नाळ, रक्त, धुणं सगळं आपण. मग रोज तेल, शेक, धुरी. आणि घर शुद्ध झालं की मागच्या दारानं निघायचं. सासू सांगायची, “मागं वळून बघू नगं. लेकरू त्यांचं असतं.”

त्या घरच्या सुनेला मी वहिनी म्हणायचे. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असून सासरीच झालं. कळा असह्य झाल्या तेव्हा तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली. “मावशी, मला सोडू नका.” मी सोडलं नाही. बाळ झालं आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली. बोलेना, खाईना, बाळाला छातीशी घेईना. मोठ्या बाई, तिच्या सासूबाई, उंबऱ्याबाहेरून विचारायच्या, “पाजलं का गं?” आत पाऊल नाही. मी तिच्याजवळ बसून राहिले. शहाणपण शिकवलं नाही. केस विंचरले, पाठ चोळली, रडली तर रडू दिलं. एके दुपारी तिनंच हात पुढं केला, म्हणाली, “द्या त्याला.” मला वाटलं, आपण जिंकलो.

कामापुरता मामा म्हणतात. मी कामापुरती मावशी होते.

फरशीवर बाळ रडत होतं तेव्हा वहिनी समोरच पाटावर बसली होती. भरलेली ओटी सांभाळत. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

नाशिकरोडला वस्तीत परत आले. नवरा मालधक्क्यावर हमाली करायचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, “तू कशापायी मधी हात घातला?” मला त्याचाही राग आला. आम्ही बौद्ध झालो तेव्हा सासूनं स्वतःच्या हातानं घरातले देव गंगेत सोडले होते. देव सुटले. मागचं दार काही आम्ही सोडलं नव्हतं. त्याची मला त्या दिवशी लाज वाटली. तरी जात राहिले. दुसरी घरं, दुसऱ्या सुना, तीच मागची दारं. पोट कुणाला सुटलंय?

काही वर्षांनी वहिनी स्वतः आमच्या वस्तीत आली. रिक्षानं. पोट पुढं आलेलं. खाटेवर बसली आणि माझा हात धरला.

“मावशी, या वेळी पण तुम्हीच या. मला फार भीती वाटते.”

खोटं कशाला सांगू, जीव सुपाएवढा झाला माझा. मी पाणी दिलं. ती सगळं प्याली. पदरानं ओठ पुसले आणि हळूच म्हणाली, “मी इथं पाणी प्याले, हे आईंना कळू देऊ नका हं.”

फरशी परवडली. फरशी दाखवणाऱ्या म्हातारीचा मला द्वेष करता येत होता. हिचा कसा करू? हिचं अंग मी रोज चोळलं होतं. हिचं रडणं मी ऐकलं होतं. आणि तीच मला चोरून प्यायच्या पाण्यात जमा करून मोकळी झाली. वाईट हेतूनं नाही. मायेनं. तेच जास्त लागलं.

मी म्हणाले, “येते. पन बारशाला बाळ माझ्या हातात द्यायचं. समद्यांम्होरं. येवढं कबूल करा.”

तिनं रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “आई ऐकणार नाहीत, मावशी.”

“मग मला बी नाय जमायचं.”

ती रडली. मी तिला दंडाला धरून रिक्षात बसवलं.

पुढं कानावर आलं, फार अडली होती. बाळ जगलं. ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली आणि या वेळी तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. महिनोन्‌महिने बोलली नाही म्हणे. मी ऐकलं आणि चुलीपुढं बसून रडले. त्या पोरीचा काय दोष, असं वस्तीतल्या बायाही मला विचारतात. नव्हता दोष. माझा तरी कुठं होता?

गोष्ट फिरली. बाई शेफारली, असं ठरलं. गंगापूर रोडची बोलावणी बंद झाली. मी द्राक्षाच्या बागेत विरळणीला जायला लागले. दिवसभर हात वर करून घडातले मणी काढायचे. खांदे भरून येतात. वस्तीतल्या बाळंतिणींजवळ अजून बसते, त्यांना अट नाही.

एखाद्या बंगल्यातून अजून कधीतरी निरोप येतो. मी जाते, पुढच्या दारात उभी राहते आणि आधी विचारते, “बारशाला बाळ माझ्या हातात देणार का?” ते म्हणतात, बघू. मी माघारी फिरते. आजवर एकाही घरानं हो म्हटलेलं नाही. म्हणतील असं मला वाटतही नाही. पण हे विचारल्याशिवाय मी कुणाचा उंबरा ओलांडणार नाही.