दोनसाठीही असेच

सर गेले तेव्हा मी वर्गात होते. त्यांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. मी फळा पुसला आणि रायपूरच्या तात्यापारा वस्तीत त्यांच्या घरी गेले.

सर माझे गाईड. पीएचडीनंतरही अठरा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. विषय सांत, म्हणजे मोजक्या घटकांच्या गटांचा. चौकोनी फरशी उचलून, फिरवून, उलटवून पुन्हा त्याच जागी आठ तऱ्हांनी बसवता येते. त्या आठ हालचालींचा मिळून आठ घटकांचा एक गट होतो. असे गट आतून कसे बांधलेले असतात, ते आम्ही शोधायचो. रायपुरात या विषयावर बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

पद्धत ठरलेली होती. सर वहीत शाईने सिद्धता लिहायचे. मी वही समता कॉलनीतल्या माझ्या खोलीवर न्यायची, प्रत्येक ओळ स्वतः करून बघायची आणि पटली की समासात पेन्सिलने बरोबरची खूण करायची. खूण नसलेली ओळ छापायला जात नसे.

तेराव्यानंतर काकूंनी वह्या पिशवीत भरून माझ्याकडे दिल्या. महिनाभर उघडल्या नाहीत. मग एका रविवारी दुपारी आमच्या सगळ्यात मोठ्या प्रमेयाची वही काढली. त्यांचं अक्षर बघायचं, एवढंच मनात होतं. सिद्धतेच्या शेवटी सरांनी लिहिलं होतं, 'दोनसाठीही असेच.' शेजारी माझी खूण.

आमच्या विषयात दोन ही मूळसंख्या वेगळी वागते. तीन, पाच, सात यांना जे लागू पडतं ते दोनला पडेलच असं नाही. तिचं काम वेगळं करावं लागतं. ते मी कधी केलं, आठवेना. मग आठवलं. मी ते केलंच नव्हतं. सरांनी कच्च्या कागदावर आधीच केलं असेल असं धरून चालले होते. विचारायला हवं होतं. पण 'सर, तुम्ही हे केलंत ना?' असं विचारणं मला उद्धटपणाचं वाटलं, आणि मी खूण केली.

पिशवीतले सगळे कच्चे कागद पाहिले. दोनचं कुठेच काही नव्हतं.

प्रमेय छापून नऊ वर्षं झाली होती. माझे पुढचे तीन शोधनिबंध त्याच्यावर उभे होते. शोकसभेतही मी त्याच्याबद्दलच बोलले होते. ती वही मी उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात कपड्यांखाली ठेवली. आठवडाभर जेवण गेलं नाही. वर्गात फळ्यावर दोनचा आकडा काढताना मानेवर कोणाची तरी नजर आहे असं वाटायचं. चूक दुसऱ्या कोणाला सापडेल ही भीती होतीच. पण ती मलाच सापडली तर, सरांच्या मागे त्यांचं काम मोडणारी मीच ठरणार होते.

शेवटी कॉम्प्युटरवर तपासायला बसले. दोनसाठी दोनच्या घातांएवढे घटक असलेले गट बघायचे. बत्तीस घटकांचे एक्कावन्न गट आहेत. सगळे प्रमेयाप्रमाणे वागले. चौसष्ट घटकांचे दोनशे सदुसष्ट. त्यांतला एक बसला नाही. तो मी हाताने पुन्हा केला. तीनदा केला. बसला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. त्या लालभाजी निवडत होत्या. मी इतकी सुकले कशाने, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. खूण माझी होती, म्हणून चूक एकट्या माझ्या नावाने कळवते, सरांचं नाव त्यात आणत नाही, असंही म्हटलं.

त्यांचा हात थांबला. "हे तर जेवताना मले सांगत होते," त्या म्हणाल्या, "दोनचं पोट्टी पाहून राहिली, मले चिंता नाही. तुही खूण पाहून केवढे खूश झाले होते."

माझी मान वर होईना. मला वाटलं त्यांनी केलं, त्यांना वाटलं मी केलं, आणि मान ठेवायचा म्हणून दोघांनीही विचारलं नाही.

"चाळीस वर्षं माह्या भाजीत मीठ कमी-जास्त काढलं," काकू म्हणाल्या. "तुह्या वहीत काहून नाही काढलं त्यायनं?" मग भाजीची काडी मोडत, "त्याच्यावर नाव दोघायचं हाय ना? मंग चूकबी दोघायची लिह. एकटी घेऊ नको. यायले नसतं आवडलं."

प्रमेय छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहायला मला चार दिवस लागले. दुरुस्ती दोघांच्या नावाने छापून आली. माझा एक निबंध मागे घ्यावा लागला, दोन टिकले. विभागात कोणी काही बोललं नाही. ते बोलत नाहीत याचीही मला काही दिवस भीती वाटत राहिली.

आता प्रमेय तीन, पाच, सात आणि पुढच्या मूळसंख्यांपुरतं उरलं आहे. दोनसाठी माझ्याकडे काही नाही. मी नवी वही सुरू केली आहे, आणि तिच्यात खूण करणारं कोणी नाही.