पाकाचा हात

गल्लीत त्यांना सगळे पाकवाल्या काकू म्हणत आणि काकूंना ते मनापासून आवडे. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शेगडी, ओट्यावर तेलाचा हात फिरवलेलं पसरट ताट. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, संत्र्याच्या फोडी काडीला टोचायच्या, उकळत्या पाकात बुडवून गर्रकन फिरवायच्या आणि ताटात ठेवायच्या. बघता बघता फळावर काचेसारखं कवच धरतं. दाताखाली ते कुडुम वाजलं पाहिजे. नुसतं दातांना चिकटलं, तर फळही वाया आणि करणारीची अब्रूही, असं काकूंचं मत होतं आणि ते त्या न विचारता सांगत.

फळं पुसण्यावरून त्या घरादाराचा जीव खात. पाण्याचा एक थेंब राहिला तरी कवच सुटून येतं. पण खरी मेख पाकात. तो एका क्षणी कच्चा असतो आणि पुढच्या क्षणी करपलेला. मुलाने एकदा पाकात बुडवायचा थर्मामीटर आणून दिला होता. काकूंनी त्याचं कौतुक केलं आणि तो कपाटावर टाकून दिला, कारण त्यांच्या सासूबाईंनी त्यांना वेगळी रीत शिकवली होती. बोटं गार पाण्यात बुडवायची, तशीच पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, लगेच परत पाण्यात. बोटांत तो कट्कन मोडला की पाक झाला.

सुरुवातीला बोटांना फोड यायचे. सासूबाई म्हणायच्या, हात बसेल हळूहळू. आणि एका वर्षी खरंच काकूंच्या लक्षात आलं, की आपल्याला चटका बसत नाही. त्या आनंदाने त्यांनी घरभर सांगितलं. काका तर पाहुण्यांना ओट्यापाशी आणून दाखवायचे. "आमच्या घरात सांडशी लागत नाही. हिचा हात आहे ना!"

त्या सकाळी सून शिकायला उभी राहिली. आठ महिन्यांची नात बाहेरच्या खोलीत झोपली होती. काकूंना शिष्य मिळाला म्हणजे त्यांच्या तोंडाला खळ नसायचा.

"घाबरतेस काय अशी? बोटं पाण्यात, मग पाकात, मग पाण्यात. विचार करायचा नाही. विचार केलास की भाजलीस."

"आई, आधी तुम्ही दाखवा."

काकूंनी दाखवलं. पण दाखवता दाखवता त्या शेजारणीच्या बिघडलेल्या पाकाची गोष्ट सांगायला लागल्या. शेजारणीची नक्कल करायच्या नादात पाण्याचं भांडं राहूनच गेलं. त्यांनी कोरडी बोटं पाकात घातली, पाक उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. पाक बोटांवरून तळव्यापर्यंत ओघळला. त्याखालची कातडी पांढरी पडत होती.

सून आधी हसत होती. मग ती किंचाळली.

"आई! हात!"

"काय झालं हाताला?"

"अहो भाजतोय! तुमचा हात भाजतोय!"

काकूंनी हाताकडे पाहिलं. सुनेने त्यांना ओढत नळाखाली नेलं. पाण्याबरोबर साखर सुटली आणि साखरेबरोबर कातडी. सून रडत होती, काका दारात येऊन नुसते उभे राहिले होते आणि काकूंच्या तोंडून साधं 'आई गं' निघत नव्हतं. त्या डोळे विस्फारून बघत होत्या. इतकं भाजलंय, मग दुखत का नाही?

"काही कळत का नाहीये गं मला?" त्यांनी सुनेला विचारलं, जणू तिला ते ठाऊक असणार होतं.

सून नातीला कडेवर घेऊन निघाली आणि सगळे दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली. मग दुसरा, धडका हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि डोळे मिटायला लावले.

"टोचलं की हो म्हणा."

काकू कान टवकारून बसल्या. खोलीत कुणी बोलेना. त्यांना वाटलं, बाई सुई शोधत असतील.

"करा की सुरू," त्या म्हणाल्या.

मग काकूंनी डोळे उघडले. त्यांच्या बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके होते.

"झालं टोचून," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

काका खुर्चीतून पुढे सरकले. "अहो, सवयीचा हात आहे तिचा. मुरलेला."

"सवयीने कातडी राठ होते, काका. सुई कळेनाशी होत नाही. नसा बधिर झाल्यात यांच्या. कशामुळे ते तपासण्या केल्यावर कळेल. कधीपासून आहे हे?"

काकूंना वर्ष नीट आठवत होतं. त्याच वर्षाची फुशारकी त्यांनी आजवर मारली होती. त्यांना ते सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यापुढे हाताने गरम-गार बघायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर सुनेच्या कडेवर गेली. "बाळाच्या आंघोळीचं पाणी कोण बघतं?"

काका जमिनीकडे बघायला लागले.

"मीच," काकू म्हणाल्या. "हात घालून."

घरी परतताना काकूंना एकेक आठवत गेलं. नात रोज आंघोळीला टाहो फोडायची. सगळे म्हणायचे, नाटकी आहे नुसती. सुनेने एकदा म्हटलं होतं, आई, जास्त कढत नाही ना? काकूंनी तिला उडवून लावलं होतं. मला पाक कळतो, पाणी कळणार नाही? पोर लालबुंद व्हायची आणि काकू म्हणायच्या, बघा कशी टवटवीत झाली. सून आता यातलं काहीही बोलून दाखवत नव्हती. तिने चार शब्द सुनावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुनेने बादलीत कोपर बुडवलं. गार पाणी ओतलं. पुन्हा कोपर बुडवलं, पुन्हा ओतलं. काकू पट्टी बांधलेला हात छातीशी धरून न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. इतकं गार पाणी? बाळाला सर्दी होईल, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

सुनेने पहिला तांब्या ओतला. काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले.

रडणं आलंच नाही. पाण्यावर दोन्ही हात आपटल्याचा आवाज आला आणि मग पोरगी खिदळली.

"आई, या ना आत," सून म्हणाली.

काकूंचा पाय उंबऱ्याबाहेरच राहिला.

"हसते गं ती," त्या म्हणाल्या. "आंघोळीला हसते."